बींचे हस्ताक्षर शोधायला निघा
मराठी भाषा विद्यापीठ, रिद्धपूरच्या कुलगुरूंना खुले पत्र

माननीय कुलगुरू,
मराठी भाषा विद्यापीठ,
रिद्धपूर, जि. अमरावती.



वऱ्हाडातल्या एका कारकुनाच्या कागदांविषयी हे पत्र आहे. नारायण मुरलीधर गुप्ते हे त्यांचे नाव. जन्म १८७२ चा, मलकापूरचा. अमरावती, अकोला, मूर्तिजापूर, वणी अशी वऱ्हाडातली गावे फिरत त्यांनी सरकारी नोकरी केली आणि ३० ऑगस्ट १९४७ रोजी, देश स्वतंत्र होऊन जेमतेम पंधरा दिवस झाले असताना, छिंदवाड्यात शेवटचा श्वास घेतला. कचेरीत ते गुप्ते होते. मराठी कवितेत ते ‘बी’ आहेत.

‘चाफा’ ही कविता कुणाची, असे अकोल्याच्या गांधी रोडवर उभे राहून दहा जणांना विचारले, तर बहुतेक जण लता मंगेशकरांचे नाव घेतील. एखादा जुना जाणकार संगीतकार वसंत प्रभूंचे नाव जोडेल. ‘माझी कन्या’चेही तसेच. गरिबीवरून मैत्रिणींनी टोचून बोलल्यामुळे रडत घरी आलेल्या मुलीची समजूत घालणारा तो बाप महाराष्ट्राच्या घराघरांत पोचला तो याच गायिकेच्या गळ्यातून आणि याच संगीतकाराच्या चालीतून. शब्द ज्यांच्या लेखणीतून उतरले, त्यांची बदली कदाचित याच गावात झाली होती, याच धुळीतून ते कचेरीत जात होते, हे सांगणारी पाटी कुणाच्या डोळ्यांपुढे नाही.

पाटीचा आग्रह नाही. मागणी वेगळी आहे. बींचे हस्ताक्षर शोधा.

त्यांच्या लेखनाचा हिशेब आपल्याला ठाऊकच असेल, पण त्या हिशेबातच या पत्राचे कारण आहे. बींची पहिली कविता ‘प्रणयपत्रिका’ १८९१ साली हरिभाऊ आपट्यांच्या ‘करमणूक’मध्ये आली, तेव्हा ते एकोणीस वर्षांचे होते. ‘बी’ हे नाव मराठी वाचकांना ठाऊक झाले ते १९११ साली, ‘मनोरंजन’मधल्या ‘वेडगाणे’मुळे. मधे वीस वर्षे. आणि ‘फुलांची ओंजळ’ हा संग्रह, आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह, १९३४ साली निघाला, तेव्हा कवीने बासष्टी गाठली होती. सगळ्या आयुष्यातल्या छापील कविता मिळून पन्नासच्या आसपास. म्हणजे वर्षाला एकसुद्धा नाही.

इतके कमी लिहिणारा माणूस कमी लिहीत नसतो. तो पुष्कळ खोडतो. बींची ओळ वाचताना तिच्यावर फिरलेला हात जाणवतो. ‘पिंगा’तली लय, ‘चाफा’तले आवर्तन, ‘माझी कन्या’त बापाच्या बोलण्यातून घराच्या दैन्याकडून थेट जगन्नियंत्यापर्यंत चढत जाणारा विचार, हे एका बैठकीत उतरत नाही. मग खोडलेले शब्द कुठे आहेत? वीस वर्षे ज्या वहीत शांतता होती, ती शांतता होती की नुसतेच न छापणे? ‘चाफा’वर मराठीत जेवढे अर्थ चढवले गेले तेवढे क्वचितच एखाद्या लहान कवितेवर चढवले गेले असतील. कुणी त्यात जीव-शिवाचे मीलन पाहिले, कुणी रुसलेला प्रियकर, कुणी प्रतिभा. हे सगळे अर्थ छापील प्रतीवरून निघाले. कवीने ती कविता एखाद्या मित्राला पाठवताना सोबत दोन ओळी खरडल्या असतील, एखादे कडवे आधी वेगळे असेल, शीर्षक बदलले असेल, तर ते सांगणारा एकमेव साक्षीदार म्हणजे हाताने लिहिलेला कागद.

आता आपल्या रिद्धपूरकडे वळू. हस्तलिखिताची किंमत काय असते हे साऱ्या महाराष्ट्रात या गावाइतके कुणाला कळणार? महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधर यांच्या आठवणी त्यांच्या पश्चात त्यांचे अनुयायी म्हाइंभट यांनी गोळा केल्या त्या याच भूमीत. ज्यांनी पाहिले, ऐकले, त्यांच्याकडे ते गेले, विचारले, लिहून घेतले, नागदेवाचार्यांकडून पारखून घेतले, आणि ‘लीळाचरित्र’ उभे राहिले. गोविंदप्रभूंचा वास इथला, महदंबेचे ‘धवळे’ इथले. एवढ्या काळजीने घडवलेली ती पोथीही गेली. महानुभाव परंपरा जिला खालशाची धाड म्हणते, त्या धामधुमीत मूळ प्रत हरवली आणि ज्यांना ती पाठ होती त्यांच्या तोंडून ती पुन्हा लिहून काढावी लागली. हिराइसेच्या स्मरणशक्तीची गोष्ट पंथात आजही आदराने सांगतात. एकाच ग्रंथाचे निरनिराळे पाठ झाले ते त्यामुळेच, आणि विसाव्या शतकातल्या संशोधकांना ते पाठ जुळवत आयुष्ये घालवावी लागली. यवतमाळचे य. खु. देशपांडे, नागपूरचे ह. ना. नेने आणि वि. भि. कोलते ही त्या कामातली ठळक नावे. कोलते बुलढाणा जिल्ह्यातल्या नरवेलचे. नरवेल हे मलकापूरजवळचे गाव, म्हणजे बींच्या जन्मगावाच्या पंचक्रोशीतला माणूस सातशे वर्षांपूर्वीचा हरवलेला पाठ हुडकत होता.

इथे एक योगायोग मनात घर करून राहतो. महानुभावांनी ज्या सकळ लिपीत आपले ग्रंथ शतकानुशतके बंद ठेवले होते, तिची उकल इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला केली. तेच दिवस बींच्या ‘वेडगाण्या’चे. तेराव्या शतकाचे मराठी उघडत होते तेव्हा वऱ्हाडातच विसाव्या शतकाचे मराठी साध्या बालबोधीत, कचेरीतून परतल्यावर दिव्याखाली लिहिले जात होते. पहिल्याला आज विद्यापीठ मिळाले. दुसऱ्यालाही त्याच छपराखाली जागा हवी.

कागदाच्या दृष्टीने पाहिले तर दुसऱ्याची गरज जास्त तातडीची आहे. पोथ्या चिंध्यांच्या लगद्यापासून केलेल्या हातकागदावर, बोरूने, काजळीच्या शाईने लिहिलेल्या. तो कागद तीन-चारशे वर्षांनंतरही बोटांना कापडासारखा लागतो आणि काजळी फिकी पडत नाही. १८७० नंतर बाजारात आलेला गिरणीचा कागद लाकडाच्या लगद्याचा. त्यातले आम्ल त्याला आतून खात राहते; तो पिवळा होतो, मग तपकिरी, मग घडी उलगडताना दुमडीवर तुटतो. लोह असलेली निळीकाळी शाई कधी कधी अक्षराच्या जागी कागदाला भोकच पाडते. त्यात अकोल्याचा मे महिना, त्यानंतरचे चार महिने दमट, आणि वर्षभर कसर आणि वाळवी. म्हाइंभटांच्या परंपरेतली पोथी अजून शंभर वर्षे थांबू शकते. १९११ सालचे पत्र थांबणार नाही.

जतन केले तर काय हाती लागते, याचे वऱ्हाडातलेच उदाहरण डोळ्यांसमोर आहे. आत्माराम रावजी देशपांडे, म्हणजे कवी अनिल, जन्मले १९०१ साली मूर्तिजापुरात. कुसुम जयवंत जन्मल्या १९०४ साली अमरावतीत. १९२९ साली लग्न होण्याआधीच्या वर्षांत दोघांनी एकमेकांना लिहिलेली पत्रे जपून राहिली. कुसुमावती देशपांडे मराठी साहित्य संमेलनाच्या पहिल्या स्त्री अध्यक्ष झाल्या ते १९६१ साली, ग्वाल्हेरला, आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात त्या गेल्या. पुढे अकरा वर्षांनी, १९७२ साली, अनिलांच्या हयातीतच ती पत्रे ‘कुसुमानिल’ या नावाने पुस्तकरूपाने आली. ‘फुलवात’ लिहिणारा कवी घडत असताना काय वाचत होता, कशाने अस्वस्थ होत होता, आणि पुढे ‘पासंग’ लिहिणारी समीक्षक विशीत त्याच्या कवितेला कसे जोखत होती, हे त्या पत्रांतून कळते. दोघांनाही आपल्या शब्दांची किंमत ठाऊक होती, दोघेही शिकलेले, पुढे नामवंत, म्हणून ते टिकले.

बींच्या घरी तसे काही नव्हते. वडील लवकर गेले, शिक्षण अर्ध्यावर सुटले, पगार कारकुनाचा आणि बिऱ्हाड बदल्यांचे. दर बदलीत बैलगाडीवर काय चढवायचे आणि काय मागे टाकायचे, हा हिशेब घरच्या बाईने केला असणार, आणि त्या हिशेबात भांडी आधी येतात. त्यात हा माणूस टोपणनावामागे राहणारा, सभा-संमेलनांत न मिरवणारा. ज्याने स्वतःला लपवले त्याचे कागद आपोआप समोर येत नाहीत.

अमरावतीचा आणखी एक हात आठवतो. दादासाहेब खापर्डे यांनी वर्षानुवर्षे, दररोज, इंग्रजीत रोजनिशी लिहिली. त्या चाळीसहून अधिक रोजनिशा आज दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत, आणि १९१० ते १९१२ मधल्या शिर्डीच्या मुक्कामाची पाने तर साईभक्तांनी देशभर नेली. लोकमान्यांचा सहकारी, मोठा वकील, केंद्रीय विधिमंडळाचा सभासद, म्हणून त्यांच्या वह्यांना दिल्लीचा रस्ता मिळाला. अमरावतीच्या विद्यार्थ्याला मात्र आपल्याच गावच्या घरात लिहिलेले पान पाहायला दिल्ली गाठावी लागते. मोठ्या माणसांचे कागद राजधानीत जातात, लहान माणसांचे रद्दीत. या दोहोंच्या मधे, जिल्ह्याच्या ठिकाणी, काहीतरी असायला हवे ना? ते रिद्धपूरच असू शकते.

१४ जानेवारी १९२३ रोजी विदर्भ साहित्य संघ स्थापन झाला तो अमरावतीतच. बी तेव्हा पन्नाशीत होते. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर खामगाव-जळगाव (जामोद) भागात वकिली करत नाटके आणि विनोद लिहीत होते. नाटककार राम गणेश गडकरी त्यांना गुरू मानत. वीर वामनराव जोशी अमरावतीत. म्हणजे वऱ्हाडात लिहिणारी माणसे एकमेकांपासून रेल्वेच्या काही स्टेशनांच्या अंतरावर होती आणि त्या काळी अंतर ओलांडण्याचे साधन एकच, पोस्टकार्ड. एका कवीची पत्रे त्याच्या घरी कधीच सापडत नाहीत. ती ज्याला लिहिली त्याच्या घरी असतात. तेव्हा शोध फक्त गुप्त्यांच्या नातेवाइकांचा करून भागणार नाही. त्यांना ओळखणारे शिरस्तेदार, शाळामास्तर, वकील, वाचनालयाचे चिटणीस, ‘मनोरंजन’ आणि ‘करमणूक’च्या संपादकांचे वारस, अत्र्यांचे दप्तर, एवढा पसारा पाहावा लागेल.

आणि एक अडचण आहे ती इथे सांगायलाच हवी. त्या काळच्या कारकुनाला मोडी लिपी यावीच लागे. खासगी पत्रही मोडीत लिहिण्याची सवय १९३०-४० पर्यंत अनेक घरांत होती. आज धाब्याच्या घरातली संदूक उघडली आणि मोडीतला जुडगा निघाला की घरचे म्हणतात, शेताचे कागद दिसतात. शेत विकलेले असते, मग ते कागदही निरुपयोगी ठरतात. दिवाळीच्या साफसफाईत ते अंगणात येतात, आणि तिथून रद्दीवाल्याकडे किंवा पाणी तापवायच्या बंबात. ज्या पेटीत सात-बाराचा जुना उतारा आहे, तिच्यात कवीचे पत्रही असू शकते, हे वाचून सांगणारा माणूस त्या दिवशी त्या अंगणात हवा. तो माणूस आपल्या विद्यापीठाचा विद्यार्थी असू शकतो. मोडी शिकवून त्याला वर्गात बसवून ठेवू नका. दसरा-दिवाळीच्या सुटीत गावोगाव पाठवा. म्हाइंभटांनी दुसरे काय केले होते?

सरकारी दप्तरही आहे. वऱ्हाड १८५३ पासून इंग्रजांच्या ताब्यात, १९०३ पासून मध्यप्रांताशी जोडलेले. कारकुनाच्या नेमणुकीचे, बदलीचे, रजेचे, पेन्शनचे कागद त्या त्या कचेरीत तयार होत. पेन्शनच्या अर्जावर, रजेच्या अर्जावर कवीची सही असते, आणि सही म्हणजे ओळख पटवण्याचे खात्रीचे साधन. एखाद्या वहीत कविता सापडली आणि ती बींच्याच हातची की कुणी उतरवून घेतलेली, असा वाद झाला (तो होणारच, कारण आवडत्या कविता वहीत उतरवून ठेवण्याचा तो काळ), तर तो मिटवायला असा एखादा अर्जच कामी येईल. शेवटी छिंदवाडा. १९५६ साली राज्ये नव्याने आखली गेली तेव्हा वऱ्हाड मुंबई राज्यात आले आणि छिंदवाडा मध्यप्रदेशात राहिले. कवीचे शेवटचे घर आता परराज्यात आहे. तिथली मराठी कुटुंबे अजून तिथेच राहतात, त्यांच्याशी बोलायला एखाद्या मराठी संस्थेने सीमा ओलांडून जायला हवे.

घरचे लोक कागद द्यायला का कचरतात, याचाही विचार व्हावा. त्यांना वाटते, एकदा दिले की परत दिसणार नाही. ही भीती खोटी नाही. म्हणून विद्यापीठाने मूळ कागद मागूच नयेत. कागदाच्या दारात जावे, तिथेच चांगला फोटो किंवा स्कॅन काढावा, एक छापील प्रत घरच्यांच्या हातात द्यावी आणि मूळ पत्र आम्लरहित कागदाच्या पाकिटात घालून त्यांच्याच कपाटात परत ठेवावे. जाताना दोन गोष्टी सांगाव्यात: फाटलेल्या पत्राला सेलोटेप लावू नका, आणि लॅमिनेशन तर मुळीच करू नका. प्रेमाने केलेल्या या दोन उपायांनी वाळवीइतकेच कागद बिघडवले आहेत.

कायद्याचीही धास्ती असते. बी १९४७ साली गेले; त्यांच्या हयातीत छापलेल्या कवितेवरचा हक्क साठ वर्षांनी, २००७ च्या अखेरीस संपला. ती कविता आता सगळ्यांची आहे. न छापलेल्या पत्राचे तसे नाही. पत्राचा कागद ज्याला आला त्याचा, पण त्यातला मजकूर छापण्याचा हक्क लिहिणाऱ्याच्या वारसांचा. हा भेद घरच्यांना आणि संपादकांना आधीच समजावला तर पुढची भांडणे टळतात. राष्ट्रीय हस्तलिखित अभियानाच्या व्याख्येत पंचाहत्तर वर्षांहून जुने हस्तलिखित बसते. बींच्या हातचा प्रत्येक कागद आता त्या वयाचा झाला आहे. २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात ज्ञानभारतम् मोहिमेत एक कोटीहून अधिक हस्तलिखितांच्या पाहणीची घोषणा झाली, आणि तिच्यात खासगी संग्राहकांचाही उल्लेख आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठी अभिजात ठरली ती जुन्या ग्रंथांच्या बळावर. त्या मानाबरोबर जे काही येईल, त्यातला एक हिस्सा शंभर वर्षांपूर्वीच्या पोस्टकार्डांसाठी मागायला संकोच नको.

असा शोध फळतो का? बंगालीतले जीवनानंद दास १९५४ साली कोलकात्यात ट्रामच्या अपघातानंतर गेले तेव्हा लोकांना ते कवी म्हणून ठाऊक होते. त्यांच्या ट्रंकांतून पुढे कादंबऱ्या निघाल्या, कथा निघाल्या, न छापलेल्या कवितांच्या वह्या निघाल्या, आणि बंगालीला आपल्या कवीची नव्याने ओळख करून घ्यावी लागली. घरच्यांनी आणि अभ्यासकांनी ते कागद जपले आणि वर्षानुवर्षे बसून उतरवून घेतले म्हणून हे झाले. आपल्याकडेही लेवा बोलीत बोलणाऱ्या निरक्षर बहिणाबाईंची गाणी मुलाने, सोपानदेवांनी, वहीत उतरलेली जपली, अत्र्यांपुढे ठेवली, आणि १९५२ साली ती पुस्तकात आली. बींच्या पाठीशीही अत्रे होते. सोपानदेव मात्र नव्हते.

काम सुरू कुठून करायचे, असा प्रश्न आपल्याला पडला तर एक सुचवणे आहे. मुंबई-नागपूर रेल्वेच्या एकाच रुळावर मलकापूर, अकोला, मूर्तिजापूर आणि बडनेरा ही स्टेशने लागतात. बींचे बहुतेक आयुष्य आणि अनिलांचे जन्मगाव याच रुळावर आहे; बडनेऱ्याहून अमरावती हाकेच्या अंतरावर. मोडी वाचणारे चार विद्यार्थी, एक कॅमेरा, पाकिटांचा गठ्ठा आणि विद्यापीठाच्या शिक्क्याचे एक पत्र, एवढी तयारी पुरे. मलकापूरला उतरावे, गावातल्या जुन्या वाचनालयात आधी जावे, मग नरवेलपर्यंत. अकोल्याला बाबूजी देशमुख वाचनालयाच्या जुन्या दप्तरांत पत्रव्यवहाराच्या फायली पाहाव्यात. जिथे काही मिळणार नाही तिथेही घराचा पत्ता, बोललेल्या माणसाचे म्हणणे आणि तारीख लिहून ठेवावी, म्हणजे पुढचा शोधणारा त्याच दारावर पुन्हा थाप मारणार नाही.

‘फुलांची ओंजळ’ला २०३४ साली शंभर वर्षे होतील. त्या वर्षी नवी आवृत्ती तर कुणीही काढेल. रिद्धपूरने काढलेल्या आवृत्तीत डाव्या पानावर कवीचे हस्ताक्षर आणि उजव्या पानावर छापील कविता असावी, निदान एका कवितेपुरती तरी, ही या पत्रामागची इच्छा आहे. हाताशी थोडी वर्षे आहेत, आणि ज्या घरांत आजी-आजोबांना अजून ‘गुप्ते मास्तर की गुप्ते कारकून, आमच्या वडिलांकडे यायचे’ एवढे ऐकलेले आठवत असेल, ती घरे यंदाच्या दिवाळीतही साफ होणार आहेत.

आपला नम्र,
अकोल्याचा एक वाचक